आधी लगीन कचेरीतलं

कॉमर्सच्या चार वर्षांत प्राध्यापकांनी आम्हाला पुष्कळ तत्त्वे सांगितली, त्यातले एकच माझ्या डोक्यात पक्के बसले. खर्च दोन प्रकारचा असतो : भांडवली आणि महसुली. यंत्र घेतले तर भांडवली, यंत्राला तेल घातले तर महसुली. परीक्षेत हा फरक मी सोदाहरण लिहून आलो आणि पास झालो. पुढे बँकेत चिकटलो, त्याला आता पाव शतक होईल. त्यातली निम्मी वर्षे मुदत ठेवींच्या काउंटरवर गेली. तिथे दर लग्नसराईला एक प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहतो आणि त्याचे उत्तर आमच्या एकाही क्रमिक पुस्तकात नाही. लग्नाचा खर्च भांडवली की महसुली?

तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखे काय आहे? आहे. लग्न एकदाच करायचे (निदान त्या हिशेबाने करायचे) आणि त्याचा उपयोग वर्षानुवर्षे घ्यायचा, म्हणजे भांडवली. पण मांडव, बँड, आइस्क्रीम, फुलांची कमान यातले दुसऱ्या दिवशी सकाळी काय उरते? झेंडूचा कचरा आणि केटररचे बिल. म्हणजे महसुली. शिवाय भांडवली धरले तर दरवर्षी घसारा काढावा लागतो, आणि तो नवऱ्यावर काढायचा की बायकोवर, यावर आमच्या घरात तरी एकमत होणार नाही.

मुदतीआधी ठेव मोडायला येणारे लोक मुख्यतः दोन तऱ्हेचे. दवाखान्यासाठी मोडणारा कारण हळू सांगतो, काचेला तोंड लावून. लग्नासाठी मोडणारा मोठ्याने सांगतो, मागच्या रांगेला ऐकू जाईल असे. पण सहीच्या रेघेवर पेन टेकवल्यावर दोघांचाही हात सारखाच थबकतो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की, नुसता हात पाहून 'एक टक्का दंड कापला जाईल हं,' असे मी न विचारताच सांगतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत अशाच एका थबकलेल्या हातावरून नजर वर केली तर समोर ताई.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. भाऊजी लवकर गेले. तिने एकटीने मुलगा वाढवला, इंजिनियर केला, आणि तो फ्रान्समध्ये तुलूझ गावी नोकरीला लागला. तिकडेच त्याने लग्न ठरवले. मुलगी तिकडचीच. ताईने फोटो पाहिला, दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "डोळे चांगले आहेत मुलीचे." म्हणजे पसंती झाली. पण परवाच त्याचा फोन आला होता आणि तेव्हापासून ती पुन्हा अस्वस्थ होती.

"अरे, ही मेरी कोण?" तिने मला काउंटरवरच विचारले.

"कोण मेरी?"

"फोनवर म्हणाला, आई, आधी मेरीत लग्न, मग मानाची वाईन, मग जेवण. मुलीचं नाव तर त्यानं वेगळंच सांगितलं होतं. आता ही मेरी कुठून आली?"

संध्याकाळी मी भाच्याला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. फ्रान्समध्ये नगरपालिकेच्या कचेरीला 'मेरी' म्हणतात. लग्न आधी तिथे लागते. ताईचा जीव भांड्यात पडला, पण ठेव मोडण्याचा बेत काही मोडला नाही. सुनेला पाटल्या करायच्या होत्या, तिच्या घरच्यांना मानपान करायचा होता. "परक्या मुलखात आपलं शोभलं पाहिजे," ती म्हणाली. मी व्याजाचे नुकसान मांडून दाखवले. ती म्हणाली, "तू व्याज मोज, मी माणसं मोजते." यावर कॉमर्सकडे उत्तर नाही. मी शिक्का मारला.

भाच्याने दोन तिकिटे पाठवली, आईला आणि मामाला. मामाशिवाय लग्न कसे लागणार? (आमच्या बँकेची एलएफसी परदेशाला चालत नाही, हे मी त्याला आवर्जून कळवले होते.) सौ.ची गुडघेदुखी आणि मुलाची बारावी, त्यामुळे ती घरी राहिली.

कुठेही जायचे तर पूर्वतयारी करून जावे हा माझा स्वभाव. मी आमच्या वाचनालयात गेलो आणि फ्रेंच लोकांच्या लग्नाबद्दल काही आहे का, असे विचारले. ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्या वयाकडे पाहिले आणि फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' हातात ठेवली. ही कादंबरी १८५७ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यात एम्मा नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न आहे, आणि काय लग्न आहे! त्रेचाळीस पाहुणे आणि सोळा तास जेवण. आणि तो केक! खाली निळ्या पुठ्ठ्याचे देऊळ, त्यावर केकचा किल्ला, किल्ल्यावर हिरवे कुरण, कुरणात जॅमची तळी आणि सगळ्यात वर झोक्यावर बसलेला मदन. झोका चॉकलेटचा. आपल्याकडचे रुखवत यापुढे फिके. पण एम्माला हे नको होते. तिला मध्यरात्री, मशालींच्या उजेडात लग्न करायचे होते. बापाला ते काही समजले नाही. पुढे तिने आयुष्यभर थाटाचा पाठलाग केला, एका कापडवाल्या व्यापाऱ्याकडे हुंड्यांवर हुंड्या लिहून दिल्या, त्यांचे नूतनीकरण केले आणि अखेर ८,००० फ्रँकसाठी जप्तीची नोटीस आली. जाणकार लोक तिच्या प्रेमप्रकरणांबद्दल लिहितात. मला मात्र ती कादंबरी थकीत कर्जाची फाइल वाचावी तशी वाटली. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

दुसरी गोष्ट मोपासांची, १८८४ सालची, हिऱ्यांच्या हाराची. ती पुष्कळांनी शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल. सरकारी खात्यातला कारकून लोईझेल. साहेबाच्या घरच्या मेजवानीला जायचे म्हणून बायकोला झगा हवा. तो ४०० फ्रँक देतो. ते त्याने शिकारीची बंदूक घ्यायला साठवलेले असतात. मग हार हवा, तो बायको मैत्रिणीकडून मागून आणते आणि हरवते. नवरा बापाकडून आलेले १८,००० फ्रँक घालतो, उरलेले कर्ज काढतो आणि ३६,०००चा हार भरून देतो. दहा वर्षे दोघे राबतात. शेवटी कळते की मूळ हार नकली होता, फार तर ५०० फ्रँकचा. मी पुस्तक मिटले आणि अंधारात त्या लोईझेलला हात जोडले. कारकुनाचे दुःख कारकुनालाच कळायचे.

अशा तयारीनिशी आम्ही जूनमध्ये तुलूझला उतरलो. गुलाबी विटांचे देखणे शहर. लग्न तिथून तासाभरावरच्या एका खेड्यात, मुलीच्या माहेरी. फ्रान्समध्ये अशी सुमारे पस्तीस हजार गावे आणि शहरे आहेत आणि पाचशे वस्तीच्या गावालाही आपला नगराध्यक्ष असतो. लग्न तो किंवा त्याचा सहायक लावतो. हे पोरखेळ नव्हे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, २० सप्टेंबर १७९२ ला, तिकडे कायदा झाला आणि लग्नाची नोंद चर्चच्या हातून काढून नगरपालिकेच्या हातात दिली. तेव्हापासून ती तिथेच आहे. चर्चमध्ये जायचे त्याने खुशाल जावे, पण आधी कचेरी. कचेरीचा दाखला पाहिल्याशिवाय पाद्र्याने लग्न लावायचे नाही, आणि नेमाने लावत राहिला तर तो गुन्हा. आपल्या तानाजीला आधी लगीन कोंढाण्याचे होते. फ्रेंच माणसाला आधी लगीन कचेरीतले.

कचेरी म्हटल्यावर मला घरी आल्यासारखे वाटले. लग्नाच्या आधी दहा दिवस वधूवरांची नावे दारावर लावतात, कोणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून. भाच्याकडून जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, त्यांवर अपॉस्टिलचा शिक्का आणि अधिकृत भाषांतर असे सगळे घेतले होते. फाइल पाहून माझे डोळे पाणावले. इतक्या व्यवस्थित लावलेले कागद मी आमच्या कर्ज विभागातही पाहिलेले नाहीत.

हॉल साधाच. भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो, कोपऱ्यात प्रजासत्ताकाची मूर्ती म्हणून एका बाईचा अर्धपुतळा, मांडलेल्या खुर्च्या. अध्यक्षीणबाई आल्या, अंगावर निळा-पांढरा-तांबडा पट्टा. आल्या आल्या त्यांनी दारे उघडी आहेत ना, हे पाहिले. कायद्याने लग्न चालू असताना दारे उघडी ठेवावी लागतात. कोणीही आत यावे, पाहावे. निमंत्रणाची गरज नाही. एक म्हातारा पावाची लांब काठी काखेत मारून आत आला, मागे उभा राहिला, लग्न पाहिले आणि गेला. त्याला कोणी 'कुठल्या बाजूचे?' म्हणून विचारले नाही.

मग बाईंनी मंगलाष्टके म्हणावीत तशी कायद्याची कलमे वाचली. भाच्याचा एक मराठी मित्र आमच्या कानात अर्थ सांगत होता. नवराबायकोने एकमेकांचा आदर करावा, एकनिष्ठ राहावे, अडीअडचणीला मदत करावी. घरखर्चाचा भार दोघांनी आपापल्या ऐपतीच्या प्रमाणात उचलावा. एकत्र राहावे. शिवाय, नोटरीपुढे काही करार केला आहे का? केला नसेल तर लग्नाआधीचे ज्याचे त्याचे, आणि लग्नानंतर कमावलेले दोघांचे. हे ऐकून मी ताईला म्हणालो, "बघ, संयुक्त खातं." ती म्हणाली, "गप्प बस. सावधान चाललंय."

मग तो प्रकार झाला, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

तिकडे लग्नाला किमान दोन आणि जास्तीत जास्त चार साक्षीदार लागतात. अध्यक्षीणबाईंनी कागदावरून एक नाव वाचले. आम्हाला काही कळले नाही. त्यांनी पुन्हा वाचले, आणि तेव्हा कुठे लक्षात आले की, त्या फ्रेंच पद्धतीने ताईचे नाव घेत आहेत. भाच्याने महिन्यापूर्वी तिच्या पासपोर्टची प्रत मागवली होती, ती व्हिसासाठी असेल असे आम्ही समजलो होतो. त्याने आईला साक्षीदार केले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. भाऊजी गेल्यापासून आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात ताई होती. तांदूळ निवडायला होती, रुखवताचे लाडू वळायला होती, पाहुण्यांच्या पोरांना सांभाळायला होती. पण मुहूर्ताच्या वेळी ती मांडवात खांबाच्या मागे उभी राहायची. औक्षणाचे तबक पुढे आले की स्वयंपाकघरात काम निघायचे. तिला कोणी 'मागे हो' म्हटले नाही. आमची माणसे सुसंस्कृत, असे तोंडाने कोणी बोलत नाही. ती आपण होऊन मागे व्हायची आणि आम्ही आपण होऊन तिकडे पाहायचो नाही. मीही. आठ-आठशे पाने उठली त्या लग्नांत. आठशे माणसांना जागा होती.

इथे चाळीस खुर्च्यांच्या हॉलमध्ये त्या पट्टेवाल्या बाई तिच्यासाठी थांबल्या होत्या. ताई सवयीने भिंतीपाशी उभी होती. भाचा मागे वळून म्हणाला, "आई, ये ना पुढे." ती गेली. मोठे रजिस्टर होते. तिने चष्मा लावला, पदर सारखा केला आणि देवनागरीत, वळणदार अक्षरात, शाळेच्या दाखल्यावर करायची तशी सही केली. फेब्रुवारीत माझ्या काउंटरवर केली होती तीच सही. या वेळी हात थबकला नाही.

सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागली. ताई बाहेर येऊन म्हणाली, "झालं? इतक्यात?" आणि पिशवीतून अक्षतांची पुडी काढली. मी म्हटले, इथे हे चालेल का? तोवर समोरून मुलीच्या आजीनेही पिशवीत हात घातला आणि तांदूळच काढले. नव्या जोडप्यावर तांदूळ उधळण्याची तिकडेही जुनी पद्धत आहे! हल्ली बऱ्याच कचेऱ्यांनी पायऱ्या निसरड्या होतात म्हणून मनाई केली आहे, पण इथल्या अध्यक्षीणबाई नेमक्या दुसरीकडे पाहत होत्या. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींच्या मुठी पाहिल्या आणि त्यांची जी ओळख झाली तिला दुभाष्याची गरज पडली नाही.

आपल्याकडे कायदा उलट्या बाजूने चालतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात विधींना महत्त्व. सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडले की लग्न पुरे. विधी केलेच नाहीत आणि नुसता नोंदणीचा दाखला आणला तर ते हिंदू लग्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले, आणि त्याच निकालात लग्न म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे, असेही तरुणांना बजावले. म्हणजे तिकडे सही आणि इकडे पाऊल. दोन्ही कायद्यांनी जेवणाचा उल्लेख टाळला आहे. आठशे पाने उठल्याशिवाय लग्न लागत नाही, हे कलम आपण आपल्या अधिकारात घातले.

फ्रेंचांनी थाट केला नाही असे समजू नका. मोटारींना पांढऱ्या जाळीच्या फिती बांधून गावभर हॉर्न वाजवत वरात निघाली. मग ती 'मानाची वाईन'. मानाचा नारळ, मानाचा विडा ऐकला होता, हा प्रकार नवा. पण पद्धत ओळखीची निघाली. सगळ्या गावाला वाईन आणि फराळ, रात्रीचे जेवण मात्र निवडक लोकांना, आणि त्याचे वेगळे कार्ड. आपल्याकडे पूर्वी पत्रिकेत नुसते 'पानसुपारीस यावे' असे असायचे तसे. ज्याला पानसुपारी त्याने पानसुपारी घेऊन घरी जावे, रागावू नये. ताईसमोर मी संत्र्याचा रस घेतला. ताईची पाठ वळल्यावर काय घेतले ते सांगण्याची ही जागा नव्हे.

जेवण नगरपालिकेच्याच भाड्याच्या सभागृहात होते. प्रत्येकाच्या जागेवर नावाची चिठ्ठी (आपल्याकडे त्यासाठी रुमाल टाकतात), आणि शेजारी जाळीच्या पुडीत साखरेत घोळवलेले पाच बदाम : आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य. नवरानवरी आत आली तेव्हा सगळ्यांनी उभे राहून हातरुमाल डोक्यावर गरगर फिरवले. ताईने इकडेतिकडे पाहिले आणि आपलाही फिरवला, खांद्याच्या उंचीपर्यंत.

माझ्या शेजारी मुलीचे वडील. पोस्टातून निवृत्त झालेले, म्हणजे आमच्याच जातीचे. मी कौतुकाने म्हटले, किती साधे आणि सुंदर! ते हसले. भाच्याच्या मित्राने सांगितले त्याचा अर्थ असा की, थोरल्या मुलीच्या वेळी त्यांनी शातो घेतला होता. शातो म्हणजे जुन्या सरदारांची गढी. ती लग्नाला भाड्याने मिळते. व्याह्यांना शोभावे म्हणून घेतली, आणि तिचा हप्ता अजून चालू आहे. धाकटीने ते हप्ते पाहिलेले, तिने सांगितले, मला सभागृह चालेल. मी विचारले, "किती टक्के?" त्यांनी बोटांनी सांगितले. त्या संबंध दौऱ्यात आम्ही दोघे एकमेकांना इतके पूर्णपणे कधीच समजलो नाही.

म्हणजे फ्रेंच माणूस जात्याच शहाणा आणि आपण जात्याच खुळे, असा धडा काढायला मी बसलो होतो, तोही हातचा गेला. फ्लोबेर आणि मोपासां काय उगाच तिथे जन्मले?

रात्री बाराच्या सुमारास दिवे मालवले आणि दोघांनी उचलून ती वस्तू आणली. क्रोकांबूश. आत क्रीम भरलेले पोकळ गोळे, एकावर एक, कॅरॅमलच्या पाकाने चिकटवून उभे केलेले, वर निमुळते होत गेलेले. देवळापुढची दीपमाळच म्हणा. मुलीच्या मावशीने मैत्रिणी जमवून ती त्याच दिवशी उभारली होती, आणि ती अंमळ डावीकडे कलली होती. आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही, कारण दमट हवेत पाक सुटतो आणि माळ बसते. माणशी तीन-चार गोळे. दहा मिनिटांत पायथ्यापर्यंत साफ. माझ्यातला कॉमर्सचा विद्यार्थी कळवळला. दिवसभराची मेहनत दहा मिनिटांत! पण मावशीच्या तोंडाकडे पाहिले तर तिच्याइतका आनंद त्या खोलीत कोणाला नव्हता. तिला काही दाखवायचे नव्हते. तिला खायला घालायचे होते. ताईने पाटल्या सुनेच्या हातात चढवल्या तेव्हा तिच्याही तोंडावर तेच होते. ठेव मोडल्याबद्दल मी तिला पुन्हा काही बोललो नाही.

घरी परत आल्यावर आठवडाभर मी सौ.ला व्याख्याने दिली. थाट म्हणजे काय, साधेपणा म्हणजे काय, लोईझेलचे काय झाले. आठव्या दिवशी तिने भाजी चिरता चिरता विचारले, "म्हणजे त्या बिचाऱ्या कारकुनाने बायकोच्या हौसेपायी दहा वर्षं हप्ते फेडले?"

"दहा वर्षं!" मी म्हणालो. "विचार कर!"

ती उठली, आत गेली आणि कपाटातून एक जुने पासबुक आणून माझ्यापुढे ठेवले. तिच्या गावच्या पतसंस्थेचे. नाव सासऱ्यांचे. कर्जाची तारीख डिसेंबर २००३, आमच्या लग्नाचा महिना. दरमहा एक हप्ता, एकही न चुकलेला. मी सवयीने मोजले. चौऱ्याऐंशी. शेवटचा डिसेंबर २०१० चा.

मी हुंडा घेतला नाही, हे मी आजवर अभिमानाने सांगत आलो. खरेच नाही घेतला. मी फक्त एवढेच म्हणालो होतो की, आमचे साहेब लोक येणार, रिसेप्शन तेवढे शोभेसे करा. सासऱ्यांनी लॉन घेतले, ऑर्केस्ट्रा ठेवला, दोन तऱ्हेचे आइस्क्रीम ठेवले. साहेब आले, सात मिनिटे थांबले, पाकीट देऊन गेले. मी भाड्याचा सूट घालून फोटो काढले. त्यानंतर सात दिवाळ्या सासरे आमच्याकडे फराळाचा डबा घेऊन येत, 'आमचे जावईबापू बँकेत आहेत,' असे रिक्षावाल्यालासुद्धा सांगत, आणि परत गेल्यावर पतसंस्थेत हप्ता भरत. कर्जाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. २०१६ साली ते गेले.

"तू कधी सांगितलं नाहीस?"

"बाबांनी शपथ घातली होती. आणि सांगून काय, तुम्ही व्याजाचा दर विचारला असतात."

खरे होते. दर पासबुकावर होता आणि माझी नजर आधी तिथेच गेली होती. इतके दिवस मोपासांची गोष्ट वाचून मी लोईझेलसाठी हळहळत होतो, कारण मला वाटे, तो कारकून म्हणजे मीच. आता कळले, त्या गोष्टीत लोईझेल माझे सासरे होते. मी हार होतो. आणि तोही नकली.

मी गप्प बसलो. सौ.ला माझ्या गप्प बसण्याची सवय नसल्यामुळे तिने चहा केला. मग म्हणाली, "त्या दिवशी आई कुठे होती, ठाऊक आहे? आइस्क्रीमच्या काउंटरमागे. प्लेटा मोजत. पाचशे सांगितल्या होत्या आणि माणसं वाढली. तिला स्वतःला एक चमचा मिळाला नाही."

त्या डिसेंबरात आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली. एरवी मी असल्या समारंभांच्या विरुद्ध. पण या खेपेला मी आपण होऊन बेत काढला आणि त्यासाठी माझ्या नावावरची एक ठेव मोडली, एक टक्का दंड भरून. माझ्याच काउंटरवर, पलीकडच्या बाजूला उभा राहून. पोरगेलासा नवा सहकारी होता, त्याने नियमाप्रमाणे विचारले, "कारण काय लिहू, सर?" मला ते हळूही सांगता येईना आणि मोठ्यानेही. 'घरगुती' लिही म्हटले. सही करताना हात थबकतो तो का, हेही त्या दिवशी समजले.

चाळीस माणसे, आमच्याच सोसायटीची गच्ची. ऑर्केस्ट्रा नाही. सासूबाईंना अगदी पुढच्या खुर्चीवर बसवले आणि आइस्क्रीमची पहिली प्लेट त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "मोजल्यात का रे नीट? पुरेल ना?" औक्षणाची वेळ आली तेव्हा ताई पाणी आणायच्या निमित्ताने आत निघाली होती. सौ.ने तबक तिच्यापुढे धरले.

"मी?" ताई म्हणाली.

"तुम्हीच, ताई. फ्रान्समध्ये सही करता, मग इथे काय झालं?"

ताईने तबक घेतले. निरांजन दोनदा विझले. वारा होता, असे आम्ही सगळे म्हणालो.

रात्री मी सवयीने हिशेब लिहायला बसलो. खर्च भांडवली की महसुली? बराच वेळ पेन धरून बसलो आणि मग मला तो कॉमर्सचा तिसरा धडा आठवला, जो मी परीक्षेत ऐच्छिक म्हणून सोडला होता. काही खर्च मुळी खर्चच नसतात. ती मागच्या वर्षांची थकलेली देणी असतात. तसे लिहिले आणि वही मिटली.

सौ.ने मागून डोकावून विचारले, "व्याज धरलंत का?"

वीस वर्षांचे, चक्रवाढीने? म्हटले, ते हप्त्याहप्त्याने फेडीन.